तंबू कोण उचलणार? : हत्तीपासून पाठीवरच्या सॅकपर्यंत

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' गाळलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज विषय तंबूचा. तोही एकट्याच्या, पाठीवर मावणाऱ्या हलक्या तंबूचा. इतिहासाच्या पॉडकास्टवर हे काय नवीन, असं वाटेल. सांगतो.

आमच्या घणसोली गावात, आमच्याच आळीत, एक पोरगा राहतो. नुकताच नोकरीला लागलाय. गेल्या आठवड्यात तो मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. तंबूंची चौदा पानं एकाच वेळी उघडून ठेवली होती. म्हणाला, "दादा, सप्टेंबरात सह्याद्रीत एकट्यानं दोन रात्री काढायच्यात. आठ हजार साठवलेत. एक तंबू सव्वादोन किलोचा आहे, स्वस्त. दुसरा नऊशे ग्रॅमचा, पण पंचवीस हजारांच्या पुढे. लोक म्हणतात हलकाच घे. कर्ज काढू का?"

दारात त्याची आजी तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "एकल्या मानसाला तंबू कशाला? आमचं इरलं होतं. त्याला खांब नाय, न दोऱ्या नाय."

पोरगा हसला. मी पण हसलो. पण घरी आल्यावर डोक्यात तेच घोळत राहिलं. पुस्तकं काढली, आणि लक्षात आलं की तंबूच्या इतिहासात एक प्रश्न सगळीकडे येतो: हा उचलणार कोण? त्याचं उत्तर मिळालं की तंबू केवढा असेल ते आपोआप कळतं. चला, तिथूनच सुरू करू.

शंभर हत्तींचा तंबू

सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फजलनं 'आइन-इ-अकबरी' लिहिली. त्यात अकबराच्या छावणीचा हिशेब आहे. एका मुक्कामाचं सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल. तंबू उभारायला १००० फर्राश, शिवाय ५०० बेलदार, १०० भिश्ती, सुतार, चांभार, झाडूवाले. त्यात तंबूंचे प्रकारही दिलेत. एकाचं नाव 'चोबीन रावटी'. आपली 'राहुटी' ऐकू आली ना? आणि हे फर्राश म्हणजे तंबू, कनाती, गालिचे सांभाळणारी माणसं. त्यांच्या सामानाचं कोठार तो फरासखाना. पुण्यात फरासखाना पोलीस स्टेशनवरून हजारदा गेला असाल. ते नाव या तंबूंच्या दुनियेतलं आहे.

गंमत म्हणजे बादशहाकडे असे दोन संच असत. एका मुक्कामी बादशहा झोपलेला असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी रवाना. त्याला पेशखाना म्हणत. बादशहा संध्याकाळी पोचला की घर तयार!

इतका मोठा तंबू का परवडत होता? कारण झोपणाऱ्याला तो उचलायचा नव्हता.

जाड्याभरड्या कापडाचे दोन तंबू

आता १६७७ मध्ये या. शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेवर आहेत. पाँडिचेरीला फ्रेंचांचा प्रमुख फ्रान्स्वा मार्तँ. त्यानं आपला दूत महाराजांच्या छावणीत पाठवला. दुतानं परत येऊन जे सांगितलं ते मार्तँच्या आठवणींमध्ये नोंदलेलं आहे. छावणीत डामडौल नाही, बायका नाहीत, सामानसुमानाचा पसारा नाही. तंबू फक्त दोन, साध्या जाड्याभरड्या कापडाचे, आणि अगदी लहान. एक महाराजांचा, दुसरा प्रधानाचा.

बघा, तीन वर्षांपूर्वीच रायगडावर राज्याभिषेक झालेला. छत्रपतींना मोठा शामियाना परवडत नव्हता असं नाही. पण वेगानं हलणाऱ्या घोडदळाला हत्ती-उंटांचा लवाजमा म्हणजे पायातली बेडी. साध्या शिलेदाराचं तर आणखी सोपं. घोड्यावर मावेल तेवढंच आपलं. बाकी आभाळ आहे आणि घोंगडी आहे.

याच्या उलट चित्र औरंगजेबाच्या छावणीचं. १६९५ मध्ये जेमेली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी कृष्णाकाठी गलगली इथं ती छावणी बघायला गेला. तिचा घेर त्यानं तीस मैल लिहिलाय. म्हणजे जवळजवळ ४८ किलोमीटर. ही छावणी कसली, चालतं शहरच. आणि एवढं शहर चिखलातून, घाटांतून ओढायचं!

इथं बखरींतली एक गोष्ट आठवते. शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलीय. १६८९ मध्ये, संभाजी महाराजांच्या हत्येनंतर, संताजी घोरपडे तुळापूरच्या मुघल छावणीत रात्री घुसले. बादशहाच्या डेऱ्याचे तणावे कापले, डेरा खाली बसला आणि सोन्याचे कळस कापून नेले. बखरीतली गोष्ट आहे, तशीच घ्या. पण ती रचणाऱ्याला तंबू नक्की माहीत होता. केवढाही डेरा असू दे, त्याचा जीव तणाव्यात आणि मेखांत असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणि मग काळ उलटला. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेत निघाले. ग्रँट डफनं १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात त्या छावणीचं वर्णन केलंय: उंच, ऐसपैस तंबू, आतून रेशमी अस्तर, वर सोनेरी कळस. ज्यांचे कळस आपण कापून आणले असं अभिमानानं सांगत होतो, तसेच कळस आता आपल्याच तंबूंवर. सोबत न लढणारी हजारो माणसं. पानिपतच्या पराभवाची कारणं पुष्कळ आहेत, सगळं तंबूवर ढकलायला नको. पण पसारा वाढला की हालचाल मंदावते आणि दाणागोटा लवकर संपतो, हे तिथं दिसलं.

वजनावरून नाव

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानी फौजेत तंबूंना वजनावरूनच ओळखत: चाळीस पौंडी, ऐंशी पौंडी, एकशे साठ पौंडी. ऐंशी पौंड म्हणजे सुमारे ३६ किलो. जाड सुती कापड, कानपूरच्या गिरण्यांमध्ये असे तंबू बनत. वाहायला खेचर किंवा उंट.

सुती तंबूची एक खुबी होती. पाऊस पडला की सूत फुगतं आणि विणीतली भोकं बुजतात. म्हणून पाणी आत येत नाही. पण आतून कापडाला हात लागला की तिथूनच पाणी पाझरायला लागतं. ज्यांनी स्काउट-गाइडची किंवा एनसीसीची जुनी शिबिरं केलीत त्यांच्या घरी विचारा. "तंबूला आतून हात लावू नका" हा नियम त्यांना पाठ असतो.

तिकडे युरोपात आल्प्स चढणाऱ्या एडवर्ड व्हिम्परनं १८६० च्या दशकात स्वतःचा तंबू बनवला. दोन्ही टोकांना 'ए' अक्षरासारख्या काठ्या, खाली शिवलेली जमीन. वजन दहा किलोच्या आसपास. त्या काळात क्रांतीच! पण तोही व्हिम्पर स्वतः वाहत नव्हता. ब्रॉयल गावचा ल्यूक मेने नावाचा पाठीला कुबड असलेला गरीब माणूस त्याचा 'तंबूवाला' होता. मॅटरहॉर्नच्या गोष्टीत व्हिम्परचं नाव सगळ्यांना माहीत असतं, ल्यूकचं किती जणांना?

तंबू खरोखर हलका झाला तो स्वतः ओझं उचलायची वेळ आल्यावर. त्याच देशातला आल्बर्ट ममरी वाटाड्यांशिवाय चढायचा. त्यानं १८८८ च्या सुमारास रेशमाचा छोटा तंबू केला, दोन किलोच्या आत. वेगळे खांबच नाहीत, बर्फातल्या कुऱ्हाडी उलट्या उभ्या करून त्यावर तंबू ताणायचा. आज ट्रेकिंग पोलवर उभे राहणारे तंबू आपण 'नवीन तंत्र' म्हणून बघतो ना, ते सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. हाच ममरी १८९५ मध्ये नंगा पर्बतावर दोन गुरखा साथीदारांसह नाहीसा झाला.

आणि टॉमस होल्डिंग. हा लंडनचा शिंपी. याला सायकलवर हिंडायची हौस. सायकलला हत्ती जोडता येत नाही! मग त्यानं शिंप्याची सगळी अक्कल लावून सायकलवर मावेल असा तंबू शिवला. १९०१ मध्ये सायकल-कॅम्पिंग करणाऱ्यांची संघटना काढली आणि १९०८ मध्ये 'द कॅम्पर्स हँडबुक' लिहिलं. सामान्य माणसाचा हलका तंबू हौशी शिंप्याच्या सुईतून आलाय.

धाग्याची गोष्ट

पुढचं श्रेय रसायनशास्त्राचं. १९३५ मध्ये अमेरिकेत ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झालं, १९३८ मध्ये जगाला कळलं. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटसाठी त्याचं कापड आलं. त्यातच 'रिपस्टॉप' विणीचं बीज आहे: थोड्या थोड्या अंतरावर जाड धाग्यांची चौकट, म्हणजे फाटलं तरी फाट पुढे पळत नाही. १९७५ मध्ये 'द नॉर्थ फेस'नं बकमिन्स्टर फुलरच्या घुमटाच्या कल्पनेवरून तंबू काढला. वाकवलेल्या काठ्या एकमेकींना पेलून धरतात. तंबू मेखांशिवाय उभा राहायला लागला. १९९२ च्या अमेरिकाज कप शर्यतीसाठी शिडाचं एक अतिहलकं कापड बनलं, बोटीचं नाव 'अमेरिका क्यूब्ड', म्हणून कापड 'क्युबेन'. आज 'डायनिमा' नावानं जे महागडे तंबू विकले जातात, ते त्याचंच रूप.

तंबूच्या माहितीत '२०डी' असं लिहिलेलं दिसतं. डी म्हणजे डेनियर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. नऊ किलोमीटर, म्हणजे घणसोली गावातून ठाणे स्टेशनापर्यंत साधारण पोचेल एवढा लांब धागा, आणि वजन फक्त वीस ग्रॅम! कल्पना करा किती बारीक असेल. म्हणून २०डीचा तंबू हलका आणि म्हणूनच करवंदीच्या एका काट्याला घाबरणारा.

आणि या सगळ्या तंत्रज्ञानाला खो देणारी एक आजीबाई. एमा गेटवूड. १९५५ मध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी अमेरिकेचा अ‍ॅपलाचियन ट्रेल, तीन हजारांहून जास्त किलोमीटर, एकटीनं चालली. तंबू नाहीच. घरी शिवलेली पिशवी आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. आपल्याला हे परकं वाटायला नको. आषाढी वारीत दिंडीच्या राहुट्या ट्रकमधून पुढे जातात, पण चालणाऱ्या वारकऱ्याच्या खांद्यावर काय असतं? प्लॅस्टिकचा एक कागद. डोक्यावर घेतला की रेनकोट, अंथरला की जमीन, दोरीवर टाकला की छप्पर.

मग आपला तंबू कुठंय?

सह्याद्रीतल्या ट्रेकरांकडे तंबूची जुनी परंपरा फारशी नाही. कारण इथं डोंगरानंच खोल्या दिल्यात. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहायचं, तो वर्षावास. त्यासाठी भाजे, जुन्नर, कार्ला इथं दोन हजार वर्षांपूर्वीपासून लेणी कोरली गेली. नंतर आपण हरिश्चंद्रगडाच्या गुहेत आणि राजगडावर पद्मावतीच्या देवळात पथारी पसरत आलो. गर्दी वाढली, तेव्हा तंबू आले.

पण भातखाचरात दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या बाईला गुहा कुठून मिळणार? ठाणे-रायगडच्या मुसळधार पावसात तिला दोन्ही हात मोकळे हवेत आणि पाठ कोरडी हवी. तिचा तंबू म्हणजे इरलं. बांबूच्या कामट्यांची जाळी, मध्ये पळसाची किंवा सागाची पानं. डोक्यावर अडकवलं की पाठीवर कासवासारखं बसतं. खालून सगळं उघडं, म्हणून आत घाम कोंडत नाही. मोडलं तर घरीच दुरुस्त. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते शब्दशः. नंतर पानांच्या जागी प्लॅस्टिक आलं, आणि १९७० मध्ये सिडको आल्यावर आमच्या पट्ट्यातली ९५ गावांची शेतीच गेली. खाचरांवर सेक्टर उभे राहिले. इरलं टांगायचा खुंटा उरला, इरलं गेलं. आजीच्या त्या एका वाक्यामागं एवढं सगळं होतं. ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आता, आठ हजारांत काय घ्यायचं?

पोराला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

पहिलं: उचलणार कोण? बाईक किंवा एसटीनं पायथ्यापर्यंत जाऊन तासभर चढायचं असेल, तर दोन किलोही चालतात. सलग तीन-चार दिवस पाठीवर असेल, तर दीड किलोच्या आत बघा. पाचशे ग्रॅम वाचवायला पंधरा हजार जास्त देण्याआधी सॅकमधलं सामान जमिनीवर काढा. दुसरी जीन्स, मोठी पॉवर बँक, काचेची लोणच्याची बरणी... अर्धा किलो तिथंच सापडतो, आणि तोही फुकट.

दुसरं: जमीन कसली? इथं मी स्वतः फसलोय. मित्राकडून नऊशे ग्रॅमचा, ट्रेकिंग पोलवर उभा राहणारा तंबू आणला आणि एका कातळ सड्यावर लावायला गेलो. बेसॉल्टमध्ये मेख शिरेना. दगडांना दोऱ्या बांधून भागवलं. रात्री दोनला वारा सुटला, एक दगड सरकला, एक तणावा सुटला आणि अख्खा तंबू माझ्या तोंडावर. संताजी आले नव्हते, तरी डेरा बसला! उरलेली रात्र ओल्या स्लीपिंग बॅगमध्ये बसून काढली, दात वाजत होते. सप्टेंबर होता, म्हणून निभावलं. हाच प्रकार भर पावसाळ्यात किंवा हिमालयात झाला असता तर गोष्ट सांगायला मी नसतो. म्हणून आपल्या कातळावर आणि जांभ्यावर स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबू बरा. थोडा जड असला तरी. आणि तो उभा राहिला तरी दोऱ्या बांधायच्याच.

तिसरं: पाऊस आणि घाम. पाणी न झिरपण्याची ताकद मिलिमीटरमध्ये लिहितात. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ तोलला जातो, त्याचं ते माप. वरच्या कापडाला १५०० ते ३००० असलं की आपल्या पावसात चालतं. जमिनीला जास्त हवं, कारण गुडघा टेकला की दाब वाढतो. पण कोकणाकडच्या दमट हवेत पाणी आतूनही येतं. रात्रभरात आपल्या श्वासातून आणि अंगातून पाव-अर्धा लिटर पाणी सहज बाहेर पडतं. एका थराच्या तंबूत ते कापडावर जमून अंगावर ठिबकतं. लोक म्हणतात तंबू गळतो. म्हणून दोन थर आणि वारा खेळायला जागा.

चौथं: आत झोपून बघा. तुमच्या उंचीपेक्षा हातभर लांब हवा, नाहीतर पाय भिंतीला लागून स्लीपिंग बॅग भिजते. बसता आलं पाहिजे. पावसात चार तास आडवं पडून राहणं काय असतं ते एकदा अनुभवलं की कळतं.

पाचवं, आणि हे तंबूच्या दुकानात कोणी सांगत नाही: कुठे लावायचा? पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित किल्ल्यावर मुक्काम करता येत नाही. जंगलात आणि अभयारण्यात वन विभागाची परवानगी लागते. २०२५ मध्ये आपले ११ किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हा तिथली प्रत्येक मेख आता जगाच्या वारशात मारली जाते. गावात विचारा, कुणाच्या तरी अंगणात किंवा शेतात जागा मिळते, त्यांना पैसे द्या. ओढ्याच्या पात्रात आणि कड्याखाली तंबू नको. एकटे जाताय तर घरी आणि पायथ्याच्या गावात सांगून जा.

गच्चीवरची चाचणी

पोरानं कर्ज काढलं नाही. बजेटमध्येच, सुमारे पावणेदोन किलोचा, दोन थरांचा, स्वतः उभा राहणारा एकट्याचा तंबू घेतला. मी म्हटलं, आधी गच्चीवर लाव. तिथंही मेख शिरत नाही, म्हणजे कातळाची परीक्षा होईल. परवा रात्री पाऊस होता. त्यानं पाण्याच्या टाकीला आणि विटांना दोऱ्या बांधल्या, दारं गच्च बंद केली आणि आत झोपला. घरात पाच माणसं दोन खोल्यांत राहतात. मला म्हणाला, "दादा, आयुष्यात पहिल्यांदा एकट्याची खोली मिळाली."

सकाळी मी गेलो तेव्हा आजी गच्चीवर आली होती. तिनं वाकून वरच्या कापडाला आतून हात लावला. तळवा ओला झाला.

"गलतंय की रं."

"नाय गं आजी, ते माझ्या श्वासाचं पानी."

ती क्षणभर विचार करत राहिली. मग तिनं खालची कडा दोन बोटं वर उचलून धरली, इरलं उचलावं तशी.

"मग खालून वारा येऊ दे ना."

तर मंडळी, तुमच्या घरी कोणी इरलं किंवा घोंगडीची खोळ वापरलेली असेल, तर त्यांच्याच आवाजात दोन मिनिटं रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात ती ऐकवू. तोपर्यंत तंबू वाळवल्याशिवाय घडी घालू नका, बुरशी लागते. भेटू!